त्याच्या जागी कोण

प्रमिलावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, हिच्याइतका मी दुसऱ्या कुणाचाही ऋणी नाही. आईवडिलांनी वाढवलं, दादानं कॉलेजची फी भरली, दहिवडीच्या शाळेतल्या मास्तरांनी गणिताची गोडी लावली. पण कुणी एकच नाव विचारलं तर माझ्या तोंडी वहिनीचं येतं. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी नववीत होतो. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. पुढे मी कराडला इंजिनिअरिंगला गेलो आणि सुटीत घरी येऊन ड्रॉइंगची शीट जमिनीवर पसरून काम करू लागलो, तेव्हा वाऱ्यानं शीट उडू नये म्हणून वहिनी चार पितळी वाट्या आणून तिच्या चारी कोपऱ्यांवर ठेवायची. शीट पुरी होईपर्यंत त्या वाट्या घरात कुणालाही मिळायच्या नाहीत. वडील आमटी थेट भाकरीच्या काल्यावर ओतून घ्यायचे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ती पदवी त्या वाट्यांच्या वजनावर उभी आहे, असं मी अजूनही म्हणतो. वहिनीला ते आवडत नाही. "वाट्या त्या वाट्या," म्हणते, "त्यात काय एवढं." पण या प्रकरणात मला वाट्यांविषयी सांगायचं नाही. एका श्रावणात तिनं मला एक प्रश्न विचारला, त्याविषयी सांगायचं आहे.

नोकरी लागली तेव्हा मी दादा-वहिनीकडेच राहायला गेलो. दादा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि नेरूळला खाडीकडच्या अंगाला नव्यानं झालेल्या वसाहतीत त्याला तळमजल्यावरची जागा मिळाली होती. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे हातभर माती. त्या हातभर मातीसाठीच वहिनीनं तळमजला मागून घेतला. तिथं तिनं गवती चहा लावला आणि दोडक्याचा वेल खिडकीच्या गजांवर चढवला. वसाहत तेव्हा बरीचशी रिकामीच होती. इमारती उभ्या, माणसं थोडी. दुपारी शिरवण्याच्या बाजूच्या डोंगरात खाणीचे सुरुंग उडायचे, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी एकदम किणकिणायची आणि माझी लहानगी पुतणी बेबी पळत येऊन वहिनीच्या पदराखाली शिरायची. कारखान्यांचे भोंगे वाजायचे ते वेगवेगळ्या सुरांत, आणि वहिनी त्यातला दादाचा भोंगा ओळखून चहाचं आधण ठेवायची. वाऱ्याला कधी खाडीच्या चिखलाचा वास, कधी औषधासारखा उग्र वास. जेवण मात्र घरचंच. गावाहून बाजरीचं पोतं यायचं, ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन विटांवर उभं असायचं. भाकरी, मटकीची आमटी, लसणीचा खर्डा, आणि पावसाळ्यात सकाळी हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं. शेजारच्या सावंतकाकू भाताच्या मुलखातल्या. त्या वहिनीला म्हणायच्या, "अगो, रोज काय भाकऱ्या थापतेस, हात दुखत नाहीत?" वहिनी म्हणायची, "भातानं भूक भागती व्हय, काकू?" हे भांडण त्यांच्यात कायम चालू असे आणि दोघींनाही ते संपावं असं वाटत नव्हतं.

आता माझ्या कामाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची वसाहत भर घालून उठवलेली, तरी भरतीच्या पाण्यापेक्षा सखलच. वसाहतीचं सगळं सांडपाणी आणि पावसाचं पाणी नाल्यांनी एका मोठ्या तळ्यात यायचं, आणि तळ्यातून खाडीत जायचं. तळं आणि खाडी यांच्यामध्ये एक बांध होता, आणि बांधात एक लोखंडी दार. ओहोटी असली की चाक फिरवून दार उचलायचं, पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती यायच्या आधी दार खाली सोडायचं, खाडीला आत येऊ द्यायचं नाही. एवढंच काम, पण ते रोजचं, आणि त्याला रविवार नाही. आम्ही ऑफिसातले लोक त्याला गेट म्हणायचो, गावातले उघाडी म्हणायचे. त्या दाराची, नाल्यांची आणि त्यावरच्या माणसांची जबाबदारी माझ्याकडे. माण तालुक्यातला मुलगा मी. आमच्याकडे नदी म्हणजे वाळूचा पट्टा. सरकारी कामात गंमत अशी, की पाण्याची वाट बघत मोठ्या झालेल्या माणसाला त्यांनी पाणी अडवायला बसवलं.

दारावर दिवसा धर्मा म्हात्रे असायचा. शेजारच्या शिरवणे गावचा. त्याची भातखाचरं नव्या शहरात गेलेली, आणि त्या बदल्यात त्याला ही नोकरी मिळालेली, तीही कच्ची. कायम करण्याचा त्याचा कागद वर गेला होता. माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा, काळा, उंच, आणि बोलायला लागला की थट्टाच करणारा.

"सायेब, तुमच्याकडं नदी हाय ना?" त्यानं मला पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आहे. पण पाणी नसतं."

"मंग नदी कशाला म्हनता? रस्ता म्हना ना."

तो कधीकधी चिखलातल्या निवट्या, उड्या मारणारे बोटभर मासे, पकडून एका डब्यात घालून माझ्या सायकलच्या हँडलला अडकवून द्यायचा. पहिल्यांदा वहिनीनं तो डबा उघडला तेव्हा निवट्या उड्या मारत ओट्यावर, भाकरीच्या पिठात, सगळीकडे. बेबी हसून लोळली. वहिनी पाटावर उभी राहून मला म्हणाली, "भावजी, पुढच्या वेळेला मेलेलं काहीतरी आना." पण महिनाभरात ती निवट्यांचं कालवण सावंतकाकूंपेक्षा चांगलं करू लागली, आणि धर्माला तिच्या हातची बाजरीची भाकरी जाऊ लागली. तो ती कोरडीच खायचा, बांधावर बसून. "लाकूड हाय," म्हणायचा, आणि दुसरी मागायचा.

त्या वर्षी बढतीच्या जागा निघाल्या. इंटरव्ह्यू बेलापूरच्या ऑफिसात होणार होते, आणि माझ्या बरोबरीच्यांत माझं काम चांगलं समजलं जात होतं. मी दोन-तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. ऑफिसातून आलो की नियमांची पुस्तकं घेऊन बसायचो. वहिनीनं माझा पांढरा शर्ट धुऊन, नीळ देऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून ठेवला होता. दादानं स्वतःचे बूट पॉलिश करून मला दिले. घरात कुणी मोठ्यानं बोललं की वहिनी बेबीला खुणेनं गप्प करायची, जणू इंटरव्ह्यू त्याच खोलीत चालू होता.

आदल्या दिवशी दुपारी मी दारावर फेरी मारायला गेलो होतो. फेरी कसली, मी बांधावर उभा राहून मनात उत्तरं घोकत होतो. धर्मा चाकाला ग्रीस लावत होता. हात पुसत तो जवळ आला.

"सायेब, उंद्या पुनव हाय. नारळी पुनव. उरनला बहिनीकडं जायाचंय. दर वर्षाला जातो."

"बरं."

"जाऊ ना?"

"जा की," मी म्हणालो.

"सकाळच्या पयल्या एसटीनं जातो. सांजला येतो परत."

मी मान हलवली. तो अजून क्षणभर उभा राहिला. मी पुढे काही म्हणेन असं त्याला वाटलं असावं. मग तो पुन्हा चाकाकडे गेला. मला आठवतं, मला तेव्हा बरंच वाटलं होतं. हाताखालच्या माणसाला सणाची रजा देणारा समजूतदार साहेब, असं काहीतरी. दारावर दुसरं कोण, हा विचार माझ्या मनात एकदा येऊन गेला, आणि ऑफिसात पोचल्यावर कुणाला तरी सांगू, असं म्हणून मी तो ठेवून दिला. ऑफिसात पोचलो तेव्हा टेबलावर इंटरव्ह्यूची वेळ कळवणारी चिठ्ठी होती. ठेवून दिलेला विचार तिथंच राहिला.

इंटरव्ह्यू बरा झाला, असं म्हणणं कमी पडेल. तो फार चांगला झाला. समोर तिघे बसले होते, पंखा होता, खिडकीतून नव्या इमारतींच्या परांच्या दिसत होत्या. मला बसवून ठेवून दुपारी आत घेतलं होतं. तिघांतल्या मधल्यांनी विचारलं, तुमच्या कामाचा गाभा एका वाक्यात सांगा. मी सांगितलं, खाडीला खाडीत ठेवणं आणि माणसांना कोरड्या घरात ठेवणं. ते हसले. त्यांनी ते वाक्य कागदावर लिहून घेतल्याचं मी पाहिलं. पुढे मी जबाबदारीच्या जाणिवेविषयी बोललो, हाताखालच्या माणसांना विश्वासात घेण्याविषयी बोललो. सगळं पाठ होतं आणि मला ते मनापासून वाटतही होतं. पौर्णिमेची भरती त्या वेळी शिगेला पोचली होती. रात्रपाळीच्या माणसानं पहाटेच्या ओहोटीला दार उचललं होतं आणि नेहमीसारखा तो सकाळी घरी गेला होता. दार उघडं होतं.

बसमधून उतरलो तेव्हा वसाहतीच्या रस्त्यावर माणसं पँटी गुडघ्यांवर दुमडून उभी होती. पाऊस नव्हता. स्वच्छ ऊन पडलेलं आणि रस्त्यावर पाणी. तो देखावा मला समजेचना. मग नाल्याच्या बाजूनं पाण्यावर एक नारळ तरंगत आला, शेंदूर लावलेला, पुनवेला खाडीत सोडलेला, आणि मला सगळं समजलं. मी धावलो का? लोक म्हणतात धावलो. मला आठवतं ते एवढंच, की दादाचे बूट भिजू नयेत म्हणून मी ते हातात घेतले आणि बांधाकडे गेलो. ऑफिसातले दोघं कुणीतरी आधीच येऊन चाक फिरवत होते. भरती उतरायला लागली होती, त्यामुळे आता दार उघडं ठेवायचं की बंद करायचं यावर त्यांचा वाद चालला होता. मी म्हणालो, उघडंच राहू द्या, आता बाहेरच जाईल. माझा आवाज अगदी शांत होता. मला स्वतःला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

घरी आलो. पाणी मांडीपर्यंत चढून उतरत होतं. कॉट भिंतीला लावून तिच्यावर ट्रंक, ट्रंकेवर गाद्या, आणि गाद्यांवर बेबी बसलेली, गूळ खात. वहिनी पाण्यात उभी राहून मांडणीवरचे डबे एकेक करून वरच्या फळीवर ठेवत होती. स्टोव्ह कोपऱ्यात आडवा पडून हलत होता आणि रॉकेलचा थर पाण्यावर रंग दाखवत होता. शेजारचे सावंतकाका लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना चौघांनी खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं होतं, आणि सावंतकाकू जिन्यात बसून त्यांच्या औषधाच्या पुड्या उन्हात उलगडत होत्या. विरघळलेल्या पुड्या. बाजरीचं पोतं विटांवरून घसरून आडवं झालं होतं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, हातातल्या बुटांकडे बघितलं, आणि म्हणाली, "कसा झाला इंटरव्ह्यू?"

"चांगला झाला," मी म्हणालो. आणि शर्टाच्या बाह्या दुमडून डबे द्यायला लागलो.

त्या दिवसाविषयी मी खूप वेळा विचार केला आहे. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाला लाज वाटते, रडू येतं. मला काहीच वाटलं नाही. हातपाय काम करत होते. संध्याकाळपर्यंत मी वसाहतीतल्या सगळ्या तळमजल्यांच्या घरांतून फिरलो, काय काय भिजलं ते विचारलं, आणि कुणी शिव्या दिल्या तर ऐकून घेतल्या. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर जेवताना जशी जीभ स्वतःची वाटत नाही, तसा मी सगळाच होतो. ते बरेच महिने टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाध्यक्ष साहेबांनी बोलावलं. ते माझे वरिष्ठ. वाईट माणूस नव्हेत. मला कामाला लागल्यापासून त्यांनीच शिकवलं होतं, आणि माझं नाव पुढे केलं होतं तेही त्यांनीच. त्यांनी दार लोटून घेतलं.

"बस. तो म्हात्रे कुठं होता काल?"

"उरणला गेला होता. पुनवेला."

"रजेचा अर्ज आहे?"

"नाही, तोंडी..."

"अर्ज नाही ना? मग रजा नाही. सिंपल आहे." ते पंख्याकडे बघत बोलत होते. "माणूस न सांगता गैरहजर. दार उघडं राहिलं. तू ऑफिसच्या कामानं बेलापूरला. तुझा संबंध येतच नाही."

"साहेब, तो मला विचारून गेला."

"ते मला का सांगतोस? मी ऐकलंच नाही." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हे बघ जाधव, तुझा इंटरव्ह्यू मस्त झालाय. काल रात्री मला फोन आला होता. यादीत वरती आहेस तू. दोन ओळी लिही, उद्या सकाळी दे. नको ते टेन्शन घेऊ. म्हात्रेचं म्हणशील, तर तो कच्चा आहे. त्याला दुसरीकडे लागेल कुठंतरी. इथं कारखाने काय कमी आहेत?"

मी कागद घडी करून खिशात घातला. यात कोणाचं काय जाणार हे माझ्यापुढे अगदी उघड होतं. दोन ओळी लिहिल्या तर माझी बढती आणि धर्माची नोकरी गेलेली. त्याची जमीन तर आधीच गेली होती, आणि ती जिथं होती तिथंच आमची वसाहत होती. दोन ओळी नाही लिहिल्या तर माझं जे काही गेलं असतं, त्यात वहिनीच्या त्या वाट्याही आल्या, दादाच्या फिया आल्या, वडिलांनी गावात सांगून ठेवलेलं सगळं आलं. मला वाटतं, मी दोन ओळी लिहिल्या असत्या. वाटतं काय, बसमध्ये मी मनात त्यांची जुळणीही करून ठेवली होती.

घरात दादा दाराशी बसून ट्रंकेतले कपडे पिळत होता. त्याला मी साहेबांचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "बराबर बोलला त्यो. अंक्या, आपल्या घरात आजपातूर कोन सायेब झालाय? त्या गड्यापायी तू का बुडतूस? आन त्यानं काय कमी नुकसान केलंय? बघ की ही बाजरी." वहिनी खाली बसून पोत्यातली बाजरी उपसत होती. खालची भिजून फुगलेली एका घमेल्यात टाकायला, वरची ओलसर एका धोतरावर गच्चीत नेऊन वाळवायला. ती वर न बघता म्हणाली, "भावजी, त्यानं तुमास्नी इचारलं हुतं का?"

"हो."

"मग तुमी काय म्हनलात?"

"जा म्हणालो."

बाजरी तिच्या बोटांतून पडत होती. "आन त्याच्या जागी कोन?" ती म्हणाली.

तिनं ते आरोप करायला विचारलं नव्हतं. घरातून कुणी बाहेर निघालं की मागं चुलीशी कोण, तान्ह्यापाशी कोण, हे आमच्याकडच्या बाया विचारतातच. ती विहिरीवर जायची तेव्हा सासूला, शेजारणीला, कुणाला तरी पाळण्यापाशी बसवून मगच घागर उचलायची. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. कोणीतरी असणार आणि तो कुठं गेला, असा तिचा समज होता. मी भिजलेल्या बाजरीचं घमेलं बाजूला सरकवलं. पिळा हातात धरून दादा थांबला. तिनं वर माझ्याकडे बघितलं, आणि मग तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती पुन्हा खाली बघून बाजरी निवडायला लागली आणि म्हणाली, "माडगं हाय पातेल्यात. गरम करून देते." मी ते प्यालो. त्याला चव लागली नाही.

मी लिहिलं ते फार थोडं होतं. म्हात्रे माझी परवानगी घेऊन गेला, त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. राजाध्यक्ष साहेबांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे काय? हीरो बनायचंय?"

"नाही साहेब. झालं ते तसंच झालं."

"मी हे वर पाठवलं तर परत घेता येणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

"तुझ्या घरातही पाणी गेलं ना रे?"

"गेलं."

त्यांनी कागद फायलीत घातला. यादीतून माझं नाव गेलं. माझ्या मागून लागलेला एकजण माझा साहेब झाला, आणि तो सभ्य असल्यामुळे मला 'जाधवसाहेब' म्हणत राहिला, ते ऐकायला जास्त अवघड होतं. वसाहतीतल्या लोकांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. बसस्टॉपवर माझ्याशी कोणी बोलेना. सावंतकाका-काकू दसऱ्याआधीच गावी निघून गेले. जाताना काकूंनी वहिनीला उकडीच्या तांदळाची पिशवी दिली आणि माझ्याकडे न बघता रिक्षात बसल्या. वाळवलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आम्ही बरेच दिवस खात होतो. त्या पिठात मीठ घालावं लागत नसे.

धर्मा माझ्याकडे येऊन काही म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती. हे मी आज कबूल करतो, कारण बरं काही केलं की माणूस लगेच समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तो कायम झाला, त्याचा कागद आला, तो मीच त्याला बांधावर नेऊन दिला. त्यानं तो घडी करून मुंडाशात खोचला.

"मना वाटलेलं, तुमी लिवाल का मी पलालो म्हनून," तो म्हणाला.

"तू विचारून गेला होतास."

"व्हय. इचारलेलं ना. मंग बरोबरच हाय." आणि तो चाकाकडे गेला. मग वळून म्हणाला, "मी पन इचाराला पायजे होतं, माझ्या मागं कोन. मी उबा होतो तवा. तुमचं ध्यान नव्हतं, मना दिसत होतं. तरी गेलो. बहिन वाट बघते ना." एवढंच आमच्यात त्यावर बोलणं झालं. निवट्यांचा डबा पुढच्या आठवड्यात पुन्हा हँडलला लटकलेला होता.

निवृत्तीनंतर एकदा मला नव्या इंजिनिअरांपुढे नेतृत्व या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी रात्रभर विचार करून गेलो, आणि तिथं मला एकच गोष्ट सांगता आली. कुणालाही जा म्हणाल तेव्हा त्याच श्वासात विचारा, त्याच्या जागी कोण. त्याला नाही, स्वतःला विचारा. पोरांना ते फार किरकोळ वाटलं. एकानं जांभई दिली. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. मला स्वतःला ते कळायला खाडी घरात यावी लागली. बढती मला पुढे मिळाली, बरीच उशिरा, आणि मग आणखीही मिळाल्या. त्या वर्षांत माझ्या हाताखालचं एकही दार रिकामं राहिलं नाही. मी हुशार होतो म्हणून नव्हे. वहिनीचा तो खाली बघून बाजरी निवडणारा चेहरा रोज माझ्यापुढे यायचा.

पाणी येऊन गेलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दादाचा कारखाना बंद झाला. त्याला साताऱ्याकडे काम मिळालं, आणि तिघं सामान बांधून गेली. मी जागेत एकटा राहिलो. दोडक्याचा वेल खाऱ्या पाण्यानं आधीच गेला होता, गवती चहा मात्र तगला. पुन्हा श्रावण आला. त्या दिवशी मी वहिनीला पत्र लिहिलं. ते तिनं ठेवलं होतं, हे मला परवा बेबीनं आणून दिलं तेव्हा कळलं. ते इथं जसंच्या तसं देतो.

ती. सौ. प्रमिलावहिनी यांस,

अंकुशचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. दादाचं नवीन काम कसं आहे ते कळवा. बेबीला तिथल्या शाळेत घातलं का? इथं भोंगे पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. दादाचा भोंगा बंद झाल्यापासून चहाची वेळ कळत नाही, घड्याळ बघावं लागतं. सुरुंग चालू आहेत. भांडी वाजली की अजून बेबी येईल असं वाटतं.

धर्मा आता कायम झाल्यापासून जास्तच बोलतो. तो तुमच्या भाकरीची चौकशी करतो. मी केलेली त्याला एकदा दिली, तर म्हणाला, हे खरंच लाकूड आहे.

ऑफिसात ठीक आहे. माझं नाव यंदाही यादीत नाही. तुम्ही विचाराल की वाईट वाटतं का. मला नीट सांगता येत नाही. वर्षभरात मला कशाचं फारसं वाईटही वाटलेलं नाही आणि बरंही. पण काम करतो आहे, आणि जेवतो आहे. तुम्ही काळजी करू नका.

पत्र लिहायचं कारण असं, की काल धर्मा आला आणि म्हणाला, साहेब, उद्या पुनव आहे. मग गप्प उभा राहिला. यंदा तो जाऊ का असं विचारतही नव्हता. मी त्याला म्हणालो, जा, बहीण वाट बघत असेल. तो म्हणाला, माझ्या जागी कोण? मी दोघा-तिघांना विचारून बघितलं होतं. सणाचा दिवस, कोणी तयार नव्हतं. मी म्हणालो, मी.

तो सकाळच्या एसटीनं गेला. जाताना चाक कुठं अडकतं ते मला दोनदा दाखवून गेला. हे पत्र मी दारावरच्या त्याच्या खोपटात बसून लिहीत आहे. आज पाऊस नाही. मागच्या वर्षीसारखंच ऊन आहे. खाडी अजून खाली आहे असं आत्तापर्यंत वाटत होतं, पण बांधाच्या खालच्या दगडांना पाणी लागलेलं इथून दिसतं आहे. पुढचं लिहायचं होतं, ते आता राहू दे. दार सोडायला जातो.

आपला,
अंकुश